साखळीचे दुसरे टोक

गेल्या फाल्गुनातील एका रविवारची ही गोष्ट. हळदीच्या सौद्यांचा हंगाम ऐन भरात असल्याने आठवडाभर मार्केट यार्डातून पाय निघत नव्हता. रविवारी तेवढी सवड मिळे. म्हणून सात वर्षांच्या नातीला घेऊन मी सांगलीतील आमच्या घराजवळच्या उद्यानात गेलो होतो. ती चेंडूमागे धावत होती आणि मी बाकावर बसून ओळखीच्या मंडळींशी बाजारभावाच्या गप्पा करीत होतो. इतक्यात आमच्याच पेठेतील एक व्यापारी स्नेही आपल्या लॅब्रॅडॉर कुत्र्यासह आले. त्यांना आम्ही सारे बापू म्हणतो. फाटकाशी घुटमळणारी चार-पाच भटकी कुत्री त्यांच्या कुत्र्यावर जोरजोराने भुंकत होती. बापूंनी कसेबसे त्याला आत घेतले, नेहमीप्रमाणे साखळी सोडली आणि ती गुंडाळून खांद्यावर टाकली. कुत्रा वेगाने आमच्या दिशेने आला. नात घाबरून पळू लागली. बापू दुरूनच हसत म्हणाले, "पळू नकोस गं बाळ, काही करत नाही तो!"

दुसऱ्याच क्षणी तिची किंकाळी कानी आली. कोपराच्या खाली दातांच्या चार खुणा उमटल्या होत्या आणि रक्त ओघळत होते.

"काही करत नाही तो" हे वाक्य उद्यानात फिरावयास जाणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले आहे. ते म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्या क्षणापर्यंत कुत्र्याने खरोखरच काही केलेले नसते. परंतु आपल्या घरात शांत असणारा प्राणी परक्या जागी, परक्या मुलासमोर कसा वागेल, याची हमी केवळ प्रेमापोटी देता येत नाही. पेढीवर आपण ओळखीच्या माणसालाही कागद केल्याशिवाय मोठी रक्कम देत नाही. त्यात अविश्वास नसतो, व्यवहाराची रीत असते. मग दुसऱ्याच्या लेकराच्या बाबतीत आपण नुसत्या तोंडी हमीवर कसे विसंबतो?

हळद नको, पाणी हवे

ज्याच्या तीन पिढ्या हळदीच्या व्यापारात गेल्या, त्याला जखम दिसताच काय आठवणार? मी समोरच्या टपरीवरून मूठभर हळद मागविली. कोणी चुना सुचविला, कोणी तेल. उद्यानात नित्य येणाऱ्या एका निवृत्त परिचारिका बाईंनी आम्हा सर्वांना बाजूला सारले. मुलीचा हात त्यांनी बागेच्या नळाखाली धरला, साबण मागविला आणि घड्याळ पाहत पूर्ण पंधरा मिनिटे जखम धुतली. मुलगी रडत होती, मला घाई झाली होती. पण बाई हलल्या नाहीत.

त्या पंधरा मिनिटांचे मोल मला पुढे डॉक्टरांकडून कळले. रेबीजचा विषाणू जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि तेथून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध असते व ते साबणाने नष्ट होते. म्हणून वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम भरपूर धुणे हा उपचाराचा पहिला भाग होय. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये. धुऊन झाल्यावर जंतुनाशक लावून थेट रुग्णालय गाठावे.

शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांनी दंशाचे तीन प्रकार समजावून सांगितले. कातडी शाबूत असताना कुत्र्याने नुसते चाटले, तर तो पहिला प्रकार; त्यास लस लागत नाही. रक्त न येता कातडी खरचटली, तर दुसरा. त्यास लस द्यावीच लागते. दात रुतून रक्त आले, अथवा उघड्या जखमेला किंवा डोळे-तोंड यांच्या आतील नाजूक त्वचेला लाळ लागली, तर तिसरा. यात लसीबरोबरच जखमेत व जखमेच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन नावाचे तयार प्रतिद्रव्यही टोचावे लागते, कारण लसीचा परिणाम दिसू लागेपर्यंतच्या दिवसांत तेच रक्षण करते. आमच्या नातीचा दंश तिसऱ्या प्रकारातील होता. तेथे कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी अशी चार वेळा घ्यावयाची होती. स्नायूत लस दिल्यास चौदावा दिवस धरून पाच वेळा घ्यावी लागते. पोटात चौदा इंजेक्शने टोचण्याचा काळ केव्हाच मागे पडला आहे. तरी त्या जुन्या धास्तीपायी रुग्णालय टाळणारे लोक आजही भेटतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा रोग जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. आणि लक्षणे दिसण्यापूर्वी, वेळेवर व पूर्ण उपचार घेतले तर तो टाळता येतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर या लसीचा प्रयोग केला आणि तो मुलगा वाचला. इतक्या वर्षांनंतर केवळ आळसाने वा भीतीने कोणी जीव गमवावा, हे दुर्दैव होय.

एक पुस्तिका, एक तारीख

डॉक्टरांनी विचारले, "कुत्र्याला लस दिलेली आहे काय?"

बापू आमच्याबरोबरच आले होते. त्यांच्या मुलाने घरून कुत्र्याची लसीकरण पुस्तिका आणली होती. तो वडिलांच्या कानाशी लागला. "दिली आहे म्हणून सांगा," असे काहीसे माझ्या कानी पडले. बापूंनी पुस्तिका उघडून डॉक्टरांपुढे ठेवली आणि म्हणाले, "तारीख उलटून चार महिने झाले, डॉक्टर. माझ्याकडून राहून गेले." नंतर ते माझ्याकडे वळले. "अण्णा, चूक कुत्र्याची नाही, माझी आहे. जे काही करावयाचे ते मला सांगा."

मी संतापलो होतो. तरीही त्या वाक्याने माझ्यातील काहीतरी निवळले. कुत्र्याला लस दिलेली असो वा नसो, अशा जखमेवर उपचार लगेच सुरू करावयाचेच असतात. तथापि खरी माहिती मिळाली की डॉक्टरांना पुढचा निर्णय नेमका घेता येतो. येथे लपविलेली एक तारीख कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

घरी मात्र सूनबाई धुमसत होत्या. "तो कुत्रा गावाबाहेर सोडून या म्हणावे, नाहीतर मी तक्रार करते," हे त्यांचे म्हणणे. एका आईचे म्हणणे म्हणून ते समजण्यासारखे होते. पण चावलेला कुत्रा पळवून लावणे वा मारणे हे आपल्याच मुलीच्या हिताच्या विरुद्ध असते. त्यास दहा दिवस बांधून, नजरेखाली ठेवावे लागते. दहा दिवसांत तो निरोगी राहिला, तर दंशाच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजते. त्या दहा दिवसांत बापू रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या दारी येऊन कुत्र्याची प्रकृती सांगत. सूनबाई पहिले चार दिवस बाहेर आल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी चहा पाठविला. दहाव्या दिवशी कुत्रा ठणठणीत होता.

कुत्र्यांसाठी बंद झालेला बाजार

कुत्र्यांवरून माणसामाणसांत वाद होणे नवे नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या दारातील पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली. त्या वर्षीच्या जून महिन्यात फोर्ट भागात पारशी मंडळींचा उद्रेक झाला. त्यांच्या बाजूने हिंदू व जैन समाजातील लोकही उभे राहिले आणि बाजार बंद पडला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईचा पिंजरापोळ उभा केला. मोतीशा शेठ म्हणून ओळखले जाणारे आपले मोतीचंद अमीचंद यांचाही त्या कार्यात वाटा होता.

या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. परंतु त्या पिढीने नुसता मारण्याला विरोध केला नाही. दुकाने उघडल्यावर त्यांनी जागा दिली, पैसा दिला, चारा-पाण्याची व्यवस्था लावली. त्यांच्या दयेमागे जबाबदारीचे खाते होते. आज आपण जेव्हा कुत्रा पाळतो किंवा भटक्या कुत्र्यांना खाऊ घालतो, तेव्हा त्या खात्याच्या दोन्ही बाजू पाहतो काय, हा खरा प्रश्न आहे.

अहिंसाणुव्रताचे अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कुत्र्याला दिवसभर जिन्याखाली आखूड साखळीने जखडणे हा बंधच होय. रागाच्या भरात छडी उगारणे हा वध. शोभेसाठी शेपूट वा कान कापून घेणे हा छेद. मात्र उद्यानात साखळी हाती धरणे यास कोणी बंध म्हणू नये. ती कुत्र्याचे, मुलांचे आणि धन्याचे सर्वांचेच रक्षण करते. हिंसेचे मूळ प्रमादात आहे, असे आपल्याला शिकविले जाते. बापूंच्या मनात कोणाला इजा करण्याचा लवलेशही नव्हता. साखळी खांद्यावर होती, लसीची तारीख उलटली होती; एवढा प्रमाद दंशास पुरेसा झाला.

माझ्या खात्यावरील नावे रक्कम

येथे माझीही एक चूक कबूल केली पाहिजे. फाटकाशी जी चार-पाच भटकी कुत्री बापूंच्या कुत्र्यावर तुटून पडत होती, ती तेथे का जमत? कित्येक वर्षे रोज सकाळी मी तेथेच त्यांना पोळ्या व बिस्किटे घालीत आलो होतो. जीवदया म्हणून घालीत होतो. पण जेथे अन्न मिळते ती जागा कुत्री आपली मानतात आणि तेथे येणाऱ्या परक्या कुत्र्याला हुसकतात. त्या भुंकण्याने बिथरलेला प्राणी आत आला, समोर पळणारे मूल दिसले आणि त्याची सारी खळबळ तिच्यावर निघाली. फाटकापासून मुलांची घसरगुंडी वीस पावलांवर आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानी आले नव्हते.

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत याविषयी स्पष्ट सांगितले आहे : अन्न घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर असावी, मुले व वृद्ध फारसे नसतील अशी वेळ ठरवावी. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यात कोठेही अन्न न घालता ठरवून दिलेल्या जागीच घालण्यास सांगितले. निर्बीजीकरण व लसीकरण यांचा आग्रह तर दोन्हीकडे आहे. म्हणून खाऊ घालणाऱ्याने पोळीबरोबरच त्या कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेची व लसीची व्यवस्था करवून घेतली, तरच त्याचे दान पूर्ण झाले असे मी आता मानतो. मी माझी जागा बदलली आहे. पोळ्या आता उद्यानामागील मोकळ्या जागेत, पहाटे, मुले येण्यापूर्वी घालतो.

कुत्रा पाळणाऱ्यांनी

ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांना पुढील गोष्टी नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात.

- पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी व पुढे पशुवैद्य सांगतील त्या मुदतीत ती चुकवू नये. विम्याच्या हप्त्याप्रमाणे ती तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.
- महापालिकेचा परवाना घ्यावा. पट्ट्यावर धन्याचा दूरध्वनी क्रमांक असावा.
- उद्यानात पाय ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंत साखळी हाती असावी आणि ती चार ते सहा फुटांपेक्षा लांब नसावी. कुत्र्याला आवरू शकणार नाही अशा मुलाच्या हाती ती देऊ नये.
- ज्या उद्यानात कुत्र्यांना मनाई आहे, तेथे ती मोडू नये. वेळा ठरवून दिल्या असल्यास पाळाव्यात.
- पिल्लाला पहिल्या तीन-चार महिन्यांत निरनिराळी माणसे, मुले, वाहने व आवाज यांची सवय सौम्यपणे लावावी. एकांतात वाढलेला कुत्रा मोठेपणी भित्रा होतो आणि भित्रा कुत्रा चावतो.
- गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. ती दाबली की तो सूचनेविना चावू लागतो.
- जो कुत्रा परक्यांवर धावतो, त्यास मुसके घालूनच बाहेर न्यावे व प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.
- विष्ठा उचलण्यासाठी पिशवी जवळ ठेवावी. सार्वजनिक जागेची स्वच्छता हेही शेजारधर्माचेच अंग आहे.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उलट बाजूस, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कुत्र्याला सतत बांधून ठेवून पुरेसे फिरवून न आणणे हाही अपराध मानला आहे. म्हणजे कुत्र्याला फिरविणे हे धन्याचे कर्तव्य आहे आणि ते इतरांना इजा न होता पार पाडणे हेही त्याचेच कर्तव्य आहे.

मुलांना काय शिकवावे

संशयित पिसाळलेल्या जनावरांच्या दंशांत सुमारे ४० टक्के बळी पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची उंची कमी असल्याने दंश चेहऱ्यावर व मानेवर होण्याचा धोका अधिक असतो. शिवाय घरी रागावतील या भीतीने ती बारीक ओरखडा लपवितात. म्हणून पहिली शिकवण हीच, की कुत्रा चावला वा त्याने ओरबाडले तर लगेच सांगावयाचे, कोणी रागावणार नाही.

दुसरी, धन्याला विचारल्याशिवाय कोणत्याही कुत्र्याला हात लावावयाचा नाही. खात असलेल्या, झोपलेल्या अथवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याच्या जवळ जावयाचे नाही. तिसरी, कुत्रा अंगावर आला तर पळावयाचे नाही. पळणाऱ्यामागे धावणे हा त्याचा स्वभाव आहे. हात अंगालगत ठेवून झाडासारखे निश्चल उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, तो हुंगून निघून गेला की हळूहळू मागे सरावे. खाली पडल्यास पोटाशी पाय घेऊन गोळा व्हावे आणि दोन्ही हातांनी मान व कान झाकावेत. मोठ्या माणसांनी पिशवी, छत्री, जे हाती असेल ते मध्ये धरावे. दोन कुत्री झुंजत असतील तर मध्ये हात घालू नये. त्यांच्यावर पाणी ओतावे.

आमची नात तिसऱ्या लसीनंतरही उद्यानाचे नाव काढू देत नव्हती. जखम भरून आली होती, भीती भरून येत नव्हती. चौथी लस झाली त्या दिवशी रुग्णालयातून परतताना तिने आपणहून विचारले, "आजोबा, त्या काकांचा कुत्रा अजून येतो?"

"येतो," मी म्हणालो. "पण आता साखळीत येतो."

दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो. ती माझा हात घट्ट धरून होती. बापू फाटकातून आत आले आणि आम्हाला पाहून दूरच थांबले. त्यांनी काही म्हटले नाही. मनगटाला दोन वेढे दिलेली साखळी दिसेल असा हात तेवढा वर केला. नातीने ती साखळी नीट पाहिली. मग तिने माझा हात सोडला आणि चेंडू उचलला.